उलटी भट्टी

सुई-व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा,
आणि मग काही करायचं नाही.
हे दुसरं मला जमत नव्हतं.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
आमचं मत्स्यालय: तीन खोल्या, एक जनरेटर,
आणि काचेत साडेचारशे लिटर समुद्र,
खऱ्या समुद्रापासून ऐंशी पावलांवर.
त्यात प्रवाळाचे सात तुकडे,
जाळ्यात अडकून आलेले, वनखात्याचा शिक्का बसलेले.
कागदावर ते आणि वाघ एकाच यादीत.

शेजारी उभं नळकांडं,
मेलेल्या प्रवाळाच्या चुऱ्यानं भरलेलं.
खालून वायू सोडायचा, मोजून,
दोन सेकंदांना एक बुडबुडा.
पाणी आंबटतं, चुरा विरघळतो,
आणि बारक्या नळीतून थेंब थेंब
टाकीत उतरतो,
जे अजून जिवंत आहेत त्यांच्या हाडांसाठी.

सिलिंडर भरून आणते पास्कूच्या सोडा फॅक्टरीतून.
दर खेपेला तो विचारतो,
"तुजे मासे सोडो पितत काय गे, हर्षाली?"
मासे नाही रे, दगड पितात.
तो हसतो, आणि वजन दोनदा करतो.

पहिल्याच वर्षी, मार्गशीर्षात, मी घाई केली.
क्षारता सहावर घसरलेली,
रत्नागिरीहून साहेब यायचे होते.
सकाळी बुडबुडे दुप्पट केले,
संध्याकाळी पुन्हा दुप्पट.
उजाडता बघते तर सामू सहाच्या खाली,
नळकांड्यात चुऱ्याची पेज,
आणि फांद्यांची टोकं पांढरी,
तव्याला बोट लागल्यासारखी.
साहेब म्हणाले, वा, पांढरं शोभतंय.
फोटो काढला त्यांनी.

माझा आजा चुना भाजायचा.
शिरोड्याच्या खाडीकाठी त्याची भट्टी,
एक थर शिंपले, एक थर करवंट्या,
पुन्हा शिंपले.
रात्रभर जळायची. काठीनं उगाच ढोसणाऱ्या
आम्हा पोरांना तो हाकलायचा:
"दम धरा रे, आग आपला काम करता हा."
सकाळी एक खडा पाण्यात टाकून
तो कान लावायचा.
सळसळला तर पिकला.

शिंपल्यांतून रात्री काय निघून गेलं
ते त्याला कुणी विचारलं नाही.
मला कॉलेजात कळलं, फळ्यावर:
हाच वायू.
आजा जो काढत होता
तो मी परत घालते आहे.
त्याचा चुना देवळाला लागला, मशिदीला लागला,
लोकांच्या पानांत गेला.
माझा पाण्यात दिसतसुद्धा नाही.

आता वही ठेवते.
परीक्षानळीत पाच मिली पाणी, निळं.
थेंब टाकायचा, हलवायचं, मोजायचं.
सातव्याला हिरवट,
आठव्याला पिवळं, पिकल्या लिंबासारखं.
आठ म्हणजे बरं. आठ म्हणजे हात मागे.
चोवीस तास थांबायचं, मग पुन्हा मोजायचं.
एका फांदीला नखाच्या कडेएवढं
नवं काहीतरी आलंय.
भिंग धरलं की आहेसं वाटतं,
काढलं की नाही.

काल रात्री वीज गेली.
व्हॉल्व्ह टक् करून मिटला, बुडबुडे थांबले,
जनरेटर घेईपर्यंतच्या त्या अंधारात
बाहेरचं पाणी मोठ्यानं ऐकू आलं.
आजाचा धूर कुठे गेला असेल?
थोडा तरी इथेच असेल, ऐंशी पावलांवर,
लाटांत मुरलेला.
तिथले बुडबुडे कुणी मोजतंय का,
तिथला व्हॉल्व्ह कोणाच्या हातात,
असलं काही मनात येतं तेव्हा
मी जाऊन डिझेल ओतते.

आजची नोंद:
सामू साडेसहा. क्षारता आठ.
काही केलं नाही.
खाली सही.
खोटं नाही ते. पण दोनदा
हात व्हॉल्व्हपर्यंत गेला होता,
ते लिहायला वहीत रकाना नाही.